रिकाम्या डब्यापासून सुरुवात: लहान प्रयोगप्राण्यांचं श्वसन-चयापचय कसं मोजायचं

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुला-मुलींना मी पहिल्या दिवशी उंदीर दाखवत नाही, डबा दाखवते. घट्ट झाकणाचा, दोन नळ्या जोडलेला, आत काहीही नसलेला डबा. हा दोन तास चालवा आणि त्याने किती ऑक्सिजन ‘खाल्ला’ ते मला सांगा, एवढंच काम देते. उत्तर शून्य यायला हवं. पहिल्या आठवड्यात ते कुणाचंच शून्य येत नाही, आणि खरं शिक्षण तिथेच सुरू होतं.

हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या प्राणिशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी आहे. लठ्ठपणा, मधुमेह, थायरॉइड यांवरच्या एखाद्या औषधाचा अभ्यास हाती येतो, मार्गदर्शक म्हणतात ‘ऑक्सिजनचा वापरही मोजून घे’, आणि समोर एक पंप, काही नळ्या आणि परदेशी हवामान गृहीत धरून लिहिलेली पुस्तिका असते. त्या पुस्तिकेत आपला मे महिना नसतो.

मोजतो म्हणजे नेमकं काय मोजतो

प्राणी अन्न जाळतो, त्यासाठी ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. लाव्हाझिये आणि लाप्लास यांनी १७८०च्या दशकात गिनी पिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून वितळलेल्या बर्फावरून त्याची उष्णता मोजली आणि त्याने सोडलेल्या वायूशी ती ताडून पाहिली. ते उष्णतेचं थेट मापन. आपण करतो ते अप्रत्यक्ष: वायू मोजायचे आणि त्यावरून उष्णता काढायची. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की साधारण ४.८ किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते. इंधन कर्बोदक आहे की चरबी, यावर हा आकडा थोडा हलतो.

इंधन कोणतं ते श्वसन गुणोत्तर सांगतं, म्हणजे सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन. निव्वळ कर्बोदक जळत असेल तर १, निव्वळ चरबी असेल तर ०.७, प्रथिनं ०.८च्या आसपास. नुकत्याच जेवलेल्या उंदराचं गुणोत्तर १कडे झुकतं, उपाशी उंदराचं ०.७कडे. तुमचं उत्तर ०.५ किंवा १.४ आलं, तर आधी नळीत गळती शोधा. उंदराने नवा चयापचय शोधलेला नसतो.

परवानगी आधी, डबा नंतर

हे थोडक्यात सांगते, पण यात सूट नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची सीसीएसईए ही प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे. जुनी मंडळी तिला अजून सीपीसीएसईए म्हणतात. संस्था तिच्याकडे नोंदलेली हवी आणि तुमच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हवी. अर्ज फॉर्म बीमध्ये करायचा. डब्याचं आकारमान, हवेचा प्रवाह, प्राणी आत किती वेळ राहील, वीज गेली तर काय कराल आणि कोणत्या क्षणी प्रयोग थांबवाल, हे सगळं त्यात लिहा. ‘श्वसन मोजणार’ एवढ्यावर भागवू नका. मंजुरी हातात येईपर्यंत महिना-दोन महिने जातात. तो वेळ वाया घालवायचा नाही. आपल्याकडे त्यासाठी केळी आहेत.

सरावाला केळीची फणी

केळंही श्वास घेतं. रावेर, यावल, सावद्याकडच्या कुणाही वखारवाल्याला विचारा. पिकायला लागलेला माल गरम होतो आणि खोली मधूनमधून मोकळ्या हवेने भरावी लागते, हे तो तुम्हाला सांगेल. केळं पिकताना त्याचा श्वसनवेग एकदम कित्येक पटींनी चढतो आणि मग उतरतो. पिकायला लागलेली दीड किलोची फणी २० °से.ला तासाला अंदाजे १५० ते २०० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. पंचवीस ग्रॅमचा एक उंदीर खोलीच्या तापमानाला जवळपास तेवढाच सोडतो. डझनभर केळी आणि एक उंदीर, श्वासाच्या हिशेबात बरोबरीचे! पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा मी तो तीनदा तपासला होता.

म्हणून परवानगी येईपर्यंत डब्यात फणी ठेवा. फणीला डबा मोठा लागेल, पण शोषक नळ्या, पंप, तराजू सगळं तेच. हिरवी कडक फणी, मग पिवळेपणा धरलेली, मग पूर्ण पिकलेली, अशी रोज एकदा मोजा. आकडा चढून उतरला पाहिजे. तो चढ-उतार तुमच्या नळ्यांना दिसला, तर तुमची जुळणी उंदराचा श्वास पकडू शकेल. केळं घाबरत नाही, चावत नाही, आणि चूक झाली तर त्याला त्रास होत नाही.

पहिली पद्धत: तराजूवर श्वास

ऑक्सिजन ॲनालायझर लाखांत जातो आणि आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत तो नसतो. पण मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू असतो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९२ मध्ये मांडलेली वजनाची पद्धत त्यावर चालते. माझ्या मते प्रत्येकाने यंत्राकडे जाण्याआधी ही एकदा हाताने करावी, कारण यात वायू कुठून आला आणि कुठे गेला हे डोळ्यांना दिसतं.

हवेचा रस्ता असा लावा. बाहेरची हवा आधी सोडा लाइममधून जाते, तिथे तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघतो. मग सुकवणीतून जाते, तिथे ओलावा निघतो. अशी स्वच्छ कोरडी हवा प्राण्याच्या डब्यात शिरते. डब्यानंतर पहिली नळी निर्जल कॅल्शियम सल्फेटची, ती प्राण्याचं पाणी धरते. तिच्यापुढे सोडा लाइमची नळी, ती कार्बन डायऑक्साइड धरते. तिच्यामागे लगेच आणखी एक छोटी सुकवणी. ही शेवटची सुकवणी नवे लोक हमखास विसरतात. सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड धरताना पाणी सोडतो. ते पाणी पकडून त्याचं वजन सोडा लाइमच्या नळीतच धरलं नाही, तर आकडा कमी येतो. सगळ्यात शेवटी पंप, हवा ओढणारा.

एक तास चालवा. सुरुवातीला आणि शेवटी तीन वजनं घ्या: प्राण्यासह डबा, पाण्याची नळी, आणि सोडा लाइम-सुकवणीची जोडी. आता साधा जमाखर्च. डब्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड गेले, ऑक्सिजन आत आला. म्हणजे नळ्यांचं वाढलेलं एकूण वजन वजा डब्याचं घटलेलं वजन, बरोबर प्राण्याने घेतलेला ऑक्सिजन.

एक उदाहरण घेऊ. तासाभरात पाण्याची नळी ०.०९० ग्रॅमने वाढली, कार्बन डायऑक्साइडची जोडी ०.१५० ग्रॅमने. एकूण ०.२४०. डबा ०.११२ ग्रॅमने घटला. ऑक्सिजन झाला ०.१२८ ग्रॅम. ३२ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे २२.४ लिटर, या हिशेबाने सुमारे ९० मिली. कार्बन डायऑक्साइडचे ०.१५० ग्रॅम, ४४ ग्रॅमला २२.४ लिटर धरून, सुमारे ७६ मिली. गुणोत्तर ०.८५. उंदीर मिश्र आहारावर आहे, आकडा पटतो.

या पद्धतीवर माझा जीव आहे, त्याला दोन कारणं. वजनाला तापमान आणि दाबाची दुरुस्ती लागत नाही, आणि खानदेशात ही फार मोठी सवलत आहे, पुढे कळेलच. दुसरं, उंदराने डब्यात लघवी केली तरी ऑक्सिजनचा हिशेब बिघडत नाही. ती आत राहिली तर डब्याच्या वजनात राहिली, वाफ होऊन गेली तर पाण्याच्या नळीत सापडली. खर्चाची नोंद दोन्हीकडे बरोबर होते.

उणिवाही सांगते. तासाची सरासरीच मिळते, त्या तासात उंदीर झोपला कधी आणि पळाला कधी हे कळत नाही. आणि सगळा डाव मिलिग्रॅमवर असल्यामुळे हाताचा घामही वजनात येतो. नळ्या रुमालाने धरा, थंड होऊ द्या, तोंडं लगेच बुचांनी बंद करा. रिकाम्या डब्यावर तासाभरात तीनही वजनांचा हिशेब दोन-तीन मिलिग्रॅमच्या आत जुळेपर्यंत आमच्याकडे कुणी प्राण्याला हात लावत नाही.

सोडा लाइम आणि सुकवणी: इथे घाई नको

सोडा लाइमला काम करायला स्वतःचा ओलावा लागतो, साधारण १५ टक्के. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघडा राहिलेला डबा किंवा सतत कोरडी हवा ओढलेली नळी आतून वाळते, आणि वाळलेला सोडा लाइम दिसायला नवा असला तरी कार्बन डायऑक्साइड नीट धरत नाही. रंगबदलावर विसंबू नका, वापराचे तास वहीत लिहा आणि ठरलेल्या तासांनंतर टाकून द्या. तो भट्टीत भाजून पुन्हा जिवंत होत नाही.

सिलिका जेल मात्र भाजून परत वापरता येतं. पण त्याची एक खोड आहे. ते थोडा कार्बन डायऑक्साइडही धरतं आणि मग सवडीने सोडतं. म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजायचा असेल त्या वाटेवर सिलिका जेल नको, कॅल्शियम सल्फेट घ्या. बाहेरून येणारी हवा सुकवायला सिलिका जेल चालेल. निळ्या रंगाच्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, हातमोजे घाला. नारिंगी दाणे मिळाले तर ते घ्या.

नळ्यांबद्दल एकच: सिलिकॉनची मऊ नळी वापरू नका. तिच्या भिंतीतून वायू आरपार जातात, कार्बन डायऑक्साइड तर फारच. सलाईनची पीव्हीसी नळी स्वस्त, सहज मिळणारी आणि या कामाला चांगली.

दुसरी पद्धत: वाहती हवा आणि ॲनालायझर

यंत्र मिळालं तर रचना अशी. पंप, त्यानंतर सुकवणी, मग प्रवाह मोजणारा रोटामीटर किंवा मास फ्लो मीटर, मग प्राण्याचा डबा. डब्यातून बाहेर पडणाऱ्या हवेतला थोडा भाग बाजूला ओढून सुकवायचा, कार्बन डायऑक्साइडच्या ॲनालायझरमधून न्यायचा, मग सोडा लाइम, पुन्हा सुकवणी, आणि शेवटी ऑक्सिजन ॲनालायझर.

पंपाच्या हवेचं तोंड खोलीत ठेवू नका. चार माणसं खोलीत बोलत बसली की कार्बन डायऑक्साइड वर-खाली होतो. नळी खिडकीबाहेर काढा, पण जनरेटरच्या बाजूला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात पऱ्हाटी जाळतात तेव्हा बाहेरची हवाही स्थिर नसते. मध्ये वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन जोडा. हवा त्यात मिसळून संथ होते आणि चढ-उतार बोथट होतात. या एका कॅनने आमची बेसलाइन, म्हणजे रिकाम्या डब्याचा आकडा, जेवढी सुधारली तेवढी कुठल्याच महागड्या वस्तूने नाही.

प्रवाह किती ठेवायचा? ऑक्सिजनमधली घट ०.२ ते ०.६ टक्क्यांमध्ये येईल इतका. पंचवीस ग्रॅमचा उंदीर मिनिटाला साधारण १.३ ते १.७ मिली ऑक्सिजन घेतो. मिनिटाला ४०० मिली हवा सोडली तर घट ०.२५ ते ०.३५ टक्क्याच्या आसपास पडते. अडीचशे ग्रॅमच्या घुशीएवढ्या पांढऱ्या रॅटला मिनिटाला एक ते दीड लिटर लागेल. प्रवाह जास्त ठेवला तर फरक यंत्राच्या थरथरीत हरवतो. कमी ठेवला तर प्राण्याला कोंडल्यासारखं होतं.

डबा उंदरासाठी अर्धा ते एक लिटर, रॅटसाठी तीन ते पाच. डबा मोठा घेतला तर वाट पाहावी लागते. एक लिटरच्या डब्यात मिनिटाला ४०० मिली प्रवाह असेल तर आकारमान भागिले प्रवाह म्हणजे अडीच मिनिटं, आणि आतली हवा ९९ टक्के नव्या स्थितीला यायला याच्या साडेचार पटीहून थोडी जास्त, साडेअकरा मिनिटं. उंदराने आत्ता मारलेली उडी आलेखात आत्ताच दिसत नाही, हे डोक्यात ठेवा.

कॅलिब्रेशन रोज. कार्बन डायऑक्साइडचं शून्य नायट्रोजनवर किंवा सोडा लाइममधून आलेल्या कोरड्या हवेवर लावा, वरचा बिंदू प्रमाणित सिलेंडरवर. ऑक्सिजनसाठी कोरडी बाहेरची हवा, २०.९५ टक्के. ‘कोरडी’ हा शब्द अधोरेखित करा.

त्यामागे माझीच एक चूक आहे. आखाजीनंतरचा आठवडा होता, दुपारी जेवून आल्यावर कुणीतरी खोलीतला कूलर लावला. तेव्हा हवा खोलीतूनच घेत होतो. रिकामा डबा सकाळी शून्यावर होता, दुपारी तो चक्क एका उंदराएवढा ऑक्सिजन खाऊ लागला. मी दोन तास गळती शोधत होते. सुकवणीचे निळे दाणे ओलावा धरून केव्हाच गुलाबी झालेले होते आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. कूलरच्या ओल्या हवेत पाण्याची वाफ दोन टक्क्यांनी वाढली तर ऑक्सिजनचा आकडा २०.९५वरून २०.५३वर येतो, म्हणजे ०.४२ची घट. खऱ्या उंदराची घट ०.३३! वाफेने उंदीर तयार केला होता. त्या दिवसाआधीच्या तीन दिवसांच्या नोंदी मी रद्द केल्या, कारण त्या दिवसांत दाणे कधी गुलाबी झाले हे मला सांगता येत नव्हतं.

गळतीची परीक्षा सोपी आहे. डब्याच्या बाहेरच्या नळीवर बोट ठेवा, रोटामीटरचा गोळा खाली यायला हवा. नाही आला तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. संपूर्ण जुळणीची कसोटी घ्यायची असेल तर डब्यात शुद्ध इथेनॉलचा छोटा दिवा जाळा, अर्थात धातूच्या किंवा काचेच्या डब्यात आणि प्रवाह वाढवून. एक ग्रॅम इथेनॉल जळताना सुमारे १.४६ लिटर ऑक्सिजन घेतं, ०.९७ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, गुणोत्तर ०.६७. तुमच्या यंत्राने ०.६७ दाखवलं की त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

खानदेशचा उन्हाळा आकड्यात कुठे शिरतो

दोन वाटांनी. पहिली वाट हवेची. गरम हवा फुगते. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर, इथला दाब पाऱ्याच्या सुमारे ७४० मिमीच्या आसपास. मे महिन्यात ३८ °से.च्या खोलीत मोजलेली ४०० मिली कोरडी हवा ० °से. आणि ७६० मिमीला फक्त ३४२ मिली भरते. डिसेंबरच्या पहाटे १२ °से.ला मोजलेली तीच ४०० मिली ३७३ भरते. दुरुस्ती न करता लिहिलं तर मे महिन्यात उत्तर १७ टक्के जास्त येईल, आणि दोन ऋतूंमध्ये उंदीर न बदलता नऊ टक्क्यांचा फरक दिसेल. म्हणून प्रत्येक प्रवाह ७६०ने भागलेल्या स्थानिक दाबाने आणि २७३ भागिले २७३ अधिक तापमान, या अंशाने गुणायचा. मास फ्लो मीटर हे स्वतः करतो. रोटामीटर करत नाही.

दुसरी वाट प्राण्याची, आणि ही जास्त महत्त्वाची. उंदीर आपल्याहून उष्णतेचा भुकेला आहे. ज्या तापमानाला त्याला अंग गरम ठेवायला जादा ऊर्जा लागत नाही ते साधारण ३० °से. परदेशी प्रयोगशाळा २०-२२ °से.ला चालतात. तिथला उंदीर दिवसभर कुडकुडण्याचा खर्च करत असतो आणि ३०ला जेवढा ऑक्सिजन लागेल त्याच्या जवळपास दुप्पट घेतो. क्लायबर यांच्या, वजनाच्या ०.७५ घाताच्या सूत्राने पंचवीस ग्रॅमच्या उंदराचा मूळ खर्च दिवसाला ४.४ किलोकॅलरी येतो, म्हणजे ग्रॅमला तासाला दीड मिली ऑक्सिजन. पेपरात तुम्हाला तीन-साडेतीन दिसतं. फरक प्रजातीचा नाही, खोलीचा आहे.

आपल्याकडे वातानुकूलन नसलेल्या खोलीत मार्च-एप्रिलच्या रात्री हे ३० आपोआप येतं. धुळ्याच्या जानेवारीत तीच खोली १५ला जाते. म्हणजे गट ‘अ’ जानेवारीत आणि गट ‘ब’ एप्रिलमध्ये मोजला, तर औषधाचा म्हणून जो परिणाम दिसेल तो बव्हंशी ऋतूचा असेल. दोन्ही गट एकाच आठवड्यात, आलटून-पालटून मोजा. आणि तुमचा आकडा पेपरातल्या आकड्याच्या निम्मा आला तर घाबरण्याआधी त्या पेपरातलं तापमान वाचा.

पण ३०च्या वर मामला उलटतो. उंदराला घाम येत नाही, तो अंगाला लाळ लावून थंड होतो. बंद डब्यात ३६-३७ °से. त्याच्या जिवावर बेतू शकतं. मे महिन्यातल्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत हा प्रयोग करू नका. थर्मामीटर खोलीत नको, डब्याच्या आत हवा.

वीज गेली तर

हे वेगळं लिहिते, कारण पुस्तिकेत नसतं. एक लिटर हवेत २१० मिली ऑक्सिजन. उंदीर तासाला ९० मिली घेतो. पंप बंद पडला तर दहा मिनिटांत आतला ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांवर येतो आणि तासाभरात १२ टक्क्यांवर, वर सात टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. पंप इन्व्हर्टरवर ठेवा, आणि प्राणी आत असताना कुणीतरी खोलीत असलंच पाहिजे. पंप थांबला की आधी झाकण उघडायचं, मग फ्यूज पाहायचा.

प्राण्याचा दिवस

उंदराला शेपटीने उचलू नका. पुठ्ठ्याच्या नळीत किंवा ओंजळीत घ्या, तो कमी घाबरतो. मोजणीच्या आधी दोन-तीन दिवस रोज काही वेळ त्याला डब्यात बसवून सवय लावा. उंदीर निशाचर आहे, दिवसा विसावतो आणि अंधारात धावतो, म्हणून सगळे उंदीर दिवसाच्या एकाच वेळी मोजा. मूळ चयापचयासाठी चार-सहा तासांचा उपास पुरतो. रात्रभर उपाशी ठेवलं आणि खोली थंड असली तर उंदीर सुप्तावस्थेत जातो, शरीराचं तापमान आणि ऑक्सिजन दोन्ही खाली घसरतात, आणि तुम्हाला वाटतं औषध लागू पडलं.

आमच्या ॲनिमल हाऊसमधले एक काका वीस वर्षं हेच काम करतात. एकदा डब्यात उंदीर सोडता सोडता ते म्हणाले, “मॅडम, आज हाऊ उंदीर घाबरेल शे.” म्हणजे आज हा उंदीर घाबरलेला आहे. मी तरी मोजलं. तासाभराने आलेख अजून वरच होता, उतरायचं नाव नाही. तेव्हापासून त्यांनी नको म्हटलं की तो उंदीर त्या दिवशी परत पिंजऱ्यात जातो. अंगावरचे केस, पाठीचा बाक, डोळे अर्धे मिटलेले आहेत का, हे बघायला ॲनालायझर लागत नाही.

क्रम असा ठेवा: अर्धा तास रिकामा डबा, मग प्राणी, शेवटी पुन्हा अर्धा तास रिकामा डबा. प्राण्याचा पहिला तास हिशेबात धरू नका. पुढच्या दोन-तीन तासांत सलग पाच मिनिटांची जी सर्वात कमी सरासरी येते, ती विश्रांतीची. सुरुवातीचा आणि शेवटचा रिकामा आकडा वेगळा आला तर बेसलाइन सरकली आहे. मधल्या वेळेला सरळ रेषेने वाटून दुरुस्त करा. फरक उंदराच्या घटीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त असेल तर तो दिवस सोडून द्या.

हिशेब

हवा डब्याआधी मोजली असेल आणि ऑक्सिजन वाचण्याआधी पाणी व कार्बन डायऑक्साइड काढले असतील, तर सूत्र असं:

ऑक्सिजनचा वापर = प्रवाह × (आत जाणारा अंश − बाहेर येणारा अंश) ÷ (१ − बाहेर येणारा अंश)

प्रवाह मिनिटाला ४०० मिली, आत ०.२०९५, बाहेर ०.२०६२. फरक ०.००३३, गुणिले ४०० म्हणजे १.३२, भागिले ०.७९३८, उत्तर मिनिटाला १.६६ मिली, तासाला सुमारे १०० मिली. भागाकार विसरलात तर उत्तर वीस टक्के कमी येतं. प्राण्याने ऑक्सिजन घेतला आणि कार्बन डायऑक्साइड आपण काढून टाकला, म्हणून बाहेर पडणारी हवा आकारमानाने आटलेली असते. हा भागाकार ते आटणं भरून काढतो. कार्बन डायऑक्साइड न काढता ऑक्सिजन मोजत असाल तर सूत्र वेगळं, हे वापरू नका.

ऊर्जेसाठी १९४९ सालचं वेअर यांचं सूत्र: ऑक्सिजनचे लिटर गुणिले ३.९४१, अधिक कार्बन डायऑक्साइडचे लिटर गुणिले १.१०६. तराजूवरच्या आपल्या उंदराचे तासाला ९० आणि ७६ मिली दिवसभरासाठी मांडले तर साडेदहा किलोकॅलरी. हा उंदीर दिवसाला तीन-चार ग्रॅम खाद्य खातो, त्याची ऊर्जा साधारण एवढीच. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला म्हणजे धागा जुळला.

लठ्ठपणावर काम करणाऱ्यांनी ऑक्सिजन सरळ वजनाने भागू नये. चरबी वजनाला जड आणि खर्चाला हलकी. भागाकार केला की लठ्ठ उंदीर उगाच ‘मंद’ दिसतो. वजन सहचल (सोबत बदलणारी राशी) धरून कोव्हेरियन्सचं विश्लेषण करा. ते येत नसेल तर निदान न भागलेले आकडेही तक्त्यात द्या.

मोजून झालं की उंदराला वजन करून त्याच्या पिंजऱ्यात, त्याच्या सोबत्यांकडे सोडा. पाणी आणि खाद्य समोर ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. डबा गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, आधीच्या उंदराचा वास राहिला तर पुढचा अस्वस्थ होतो. वहीत तारीख, डब्यातलं तापमान, दाब, प्रवाह, सोडा लाइमचे तास, दाण्यांचा रंग, दोन्ही रिकामे आकडे, प्राण्याचं आधीचं-नंतरचं वजन आणि काकांचं त्या दिवशीचं मत, असं सगळं त्याच दिवशी शाईने लिहा.